मॅकेसाहेबांच्या वाड्यातलं भूत

आठवीत असताना आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेमागच्या खोलीत भूत असल्याची अफवा उठली होती, आठवते? ती मीच उठवली होती. तीस वर्षं झाली, आता कबूल करायला हरकत नाही. त्यानंतर तिथे झाडलोट करणाऱ्या मावशी त्या खोलीत एकट्या जायला घाबरू लागल्या. इतिहासाच्या बाईंनी मला उभं करून एवढंच विचारलं, "पुरावा काय?" मी गप्प.

गेल्या वर्षी अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या व्हर्जिनिया सिटीला गेले, तेव्हा हे सगळं आठवलं. 1859 मध्ये इथे कॉमस्टॉक नावाची चांदीची शिर सापडली आणि उघड्या डोंगरावर शहर उभं राहिलं. तिथला मॅके मॅन्शन हा विटांचा वाडा मुळात गूल्ड अँड करी खाणीची कचेरी. 1875 च्या ऑक्टोबरात आगीत निम्मं शहर जळालं, तेव्हा घर गमावलेले जॉन मॅके इथे राहायला आले. डब्लिनमध्ये जन्मलेला हा माणूस खाणीत मजुरी करत वर आला आणि 1873 च्या मोठ्या घबाडाने जगातल्या अतिश्रीमंतांत गेला. वाड्यात वरच्या मजल्यावर लहान मुलगी दिसते, असं सांगतात. मला जिना दिसला, मुलगी नाही.

इंजिनिअर असल्यामुळे मी अडकले ती लाकडात. इथला खनिजाचा साठा इतका रुंद आणि भुसभुशीत की साधे टेकू टिकेनात. 1860 मध्ये फिलिप डायडेसहायमर या जर्मन अभियंत्याने जाड ओंडक्यांचे चौकोनी सांगाडे एकमेकांत बसवून, मधाच्या पोळ्यासारखे हव्या त्या दिशेला वाढवत नेण्याची पद्धत काढली. आम्ही सॉफ्टवेअरवाले आज जे करतो तेच, फक्त लाकडात! त्यासाठी सिएरा नेवाडाच्या उतारांवरची जंगलं साफ झाली.

पण कोरडं लाकूड पेटतंही. 7 एप्रिल 1869 रोजी शेजारच्या गोल्ड हिलमध्ये यलो जॅकेट खाणीत हेच लाकूड पेटलं आणि किमान 35 कामगार गेले. धूर आणि विषारी वायू शेजारच्या खाणींतही शिरला. काहींचे मृतदेह कधीच वर आले नाहीत. रोजाला चार डॉलर मिळवणारी माणसं ती.

भूत मात्र वाड्यातल्या मुलीचं. त्या कामगारांचं भूत कुणी विकत नाही. बाईंचा प्रश्न मला तिथे नव्याने कळला. या गोष्टीला पुरावा आहे, पण ऐकायला गर्दी नाही.

मावशींची माफी मी कधीच मागितली नाही. त्या कुठे असतात हे कुणाला माहीत असेल, तर मेळाव्यात मला जरूर गाठा.