‘मला औषधं सोसत नाहीत’

‘मला औषधं सोसत नाहीत’ असं कुणी म्हणालं की मी पूर्वी हसायचो. रॉबर्ट स्मिथ यांची गोष्ट वाचली आणि हसणं थांबलं.

स्मिथ लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलच्या मेडिकल स्कूलमध्ये संशोधक होते. १९७०च्या दशकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी डेब्रिसोक्विन हे रक्तदाबाचं औषध अभ्यासासाठी स्वतःच घेतलं. बाकीच्यांना फारसं काही झालं नाही. स्मिथ मात्र कोसळले. रक्तदाब ७०/५०! त्यांच्या लघवीत औषध जवळपास जसंच्या तसं सापडलं, म्हणजे शरीराने ते पचवलंच नव्हतं. हा फरक आनुवंशिक असतो, हे त्यांच्या गटाने १९७७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं.

कमी होतं ते यकृतातलं एक एन्झाइम, सीवायपी२डी६. त्याचं पी४५० हे घराणं आधीच माहीत होतं. कार्बन मोनॉक्साइडशी जोडलं की ते ४५० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं, म्हणून जपानच्या ओमुरा आणि सातो यांनी हे नाव दिलं. ‘पी’ म्हणजे पिगमेंट, रंगद्रव्य. हिमोग्लोबिनसारखंच याच्याही पोटात लोह असतं. ते लोह ऑक्सिजनचा एक अणू औषधाला चिकटवतं. मग औषध पाण्यात सहज विरघळतं आणि शरीराबाहेर टाकणं सोपं जातं.

पण हे एन्झाइम दिसतं कसं? पेशीच्या आतल्या पटलात रुतलेलं असल्यामुळे त्याचे स्फटिक बनेनात. शास्त्रज्ञांनी त्याचा रुतलेला शेपटासारखा भाग कापला, तेव्हा कुठे जमलं. २०००मध्ये सशाच्या अशा एन्झाइमची रचना समजली, २००३मध्ये माणसाच्या एकाची आणि २००६मध्ये सीवायपी२डी६ची. त्याच्या खोबणीत ऋणभार असलेली दोन अमिनो आम्लं आहेत. औषधातला धनभारित नायट्रोजन ती धरून ठेवतात. स्मिथ कोसळल्यानंतर सुमारे तीस वर्षांनी ती खोबण दिसली!

गंमत अशी की, ज्यांना औषध सोसत नाही त्यांच्यातल्या अनेकांची खोबण वाकडी नसते. त्यांचा जनुकच असा बिघडलेला असतो, की हे एन्झाइम तयारच होत नाही.

हेच एन्झाइम कोडीनचं मॉर्फिन करतं. ते नसेल, तर कोडीनने वेदना फारशी थांबत नाही. जनुकाच्या जास्त प्रती असतील, तर मॉर्फिन भलतंच वाढतं. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर कोडीन दिलेली काही मुलं अशी दगावली, आणि २०१३मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कडक इशारा दिला.

स्ट्रिपवरचा डोस सगळ्यांसाठी एकच छापलेला असतो, यकृतं मात्र वेगवेगळी. आता कुणी ‘सोसत नाही’ म्हणालं, की मी औषधाचं नाव विचारतो आणि म्हणतो, ‘हे डॉक्टरांना नक्की सांगा.’