गुन्ह्याची प्रतवारी : मुंबई इलाख्यातील गंभीर गुन्ह्यांच्या वर्गीकरणाचा इतिहास

प्रस्तावना

चोरी, दरोडा, खून, फितुरी ही कृत्ये बहुतेक सर्व समाजांत गुन्हा म्हणून ओळखली गेली आहेत. त्यांपैकी कोणते कृत्य अधिक गंभीर मानावे, कोणत्या कृत्यास देहान्त द्यावा आणि कोणते दंडावर निभवावे, याविषयी मात्र एकवाक्यता कधीच नव्हती. गुन्ह्यांच्या या प्रतवारीतून त्या त्या राजसत्तेला कशाची भीती वाटत होती आणि कोणाचा जीव ती मोलाचा मानीत होती, हे पुष्कळ अंशी कळून येते. प्रस्तुत निबंधात मुंबई इलाखा आणि पुढील महाराष्ट्र राज्य यांच्या संदर्भात गंभीर गुन्ह्यांचे वर्गीकरण कसे बदलत गेले याचा विचार केला आहे. फौजदारी कायद्याचा इतिहास लिहिताना न्यायालयांच्या रचनेवर विपुल लेखन होते. वर्गीकरणाचा प्रश्न मात्र कायद्याच्या परिशिष्टांत दडून राहतो.

जात पाहून शिक्षा

1818 मध्ये पेशवाई संपुष्टात आली, त्या वेळी दख्खनमध्ये लिखित फौजदारी संहिता नव्हती. गोतसभा, पाटील, मामलेदार आणि अखेरीस हुजूर अशी न्यायाची उतरंड होती. धर्मशास्त्रातील पातक आणि प्रायश्चित्ताच्या कल्पना, स्थानिक रूढी आणि अधिकाऱ्याची मर्जी या तिन्हींच्या मिश्रणातून शिक्षा ठरत असे. जिंकलेल्या मुलखाचा कारभार पाहणाऱ्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1819 मध्ये जो अहवाल सादर केला, त्यातील फौजदारी न्यायाविषयीचा भाग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्याच्या निरीक्षणाप्रमाणे विशेष क्रौर्य नसलेल्या खुनास सहसा देहान्त होत नसे, दंडावर भागत असे. वाटमारीला मात्र बहुधा मृत्युदंड मिळे. याचे कारणही त्याने दिले आहे. वाटमारी करणारे बहुतांशी खालच्या मानलेल्या जातींचे असत, आणि शिक्षा ठरविताना कृत्याच्या स्वरूपापेक्षा गुन्हेगाराची जात अधिक पाहिली जाई.

एल्फिन्स्टन हा विजेत्या सत्तेचा अधिकारी होता, तेव्हा त्याचे म्हणणे जसेच्या तसे घेण्याचे कारण नाही. गेलेल्या राजवटीचे दोष दाखविणे त्याच्या सोयीचेही होते. तरीही हा अहवाल पेशवाईची सरसकट निंदा करणारा नाही. पंचायतीच्या पद्धतीविषयी त्यात बराच आदर आढळतो. वाटमारीसंबंधीचे त्याचे विधान म्हणूनच दुर्लक्षिता येत नाही. त्याचा अर्थ असा की, त्या काळी गुन्ह्याची प्रतवारी आणि माणसांची प्रतवारी या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

1827 ची संहिता आणि तिचे टीकाकार

एल्फिन्स्टन 1819 ते 1827 या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. कारकिर्दीच्या अखेरीस त्याने 27 नियमांची जी संहिता अमलात आणली, तिच्यातील चौदावा नियम गुन्हे आणि शिक्षा यांविषयी होता. बंगालमध्ये त्या वेळी मुसलमानी फौजदारी कायदाच मूळ धरून त्यावर नियमांची ठिगळे लावली जात होती. मुंबई इलाख्याने ती वाट सोडून सर्व धर्मांच्या प्रजेसाठी एकच लिखित फौजदारी कायदा केला. कृत्य तेच असेल तर शिक्षेची मर्यादाही तीच, हे तत्त्व निदान कागदावर तरी आले. आठ वर्षांपूर्वीच्या अहवालातील निरीक्षण लक्षात घेता हा बदल मोठाच म्हटला पाहिजे.

परंतु या संहितेचा अंमल मुंबई शहरात नव्हता. बेटावर इंग्रजी कायदा चालत असे. 1823 च्या सनदेने तेथे सुप्रीम कोर्टाची तरतूद झाली होती, आणि त्या कोर्टात गुन्ह्यांचे दोन वर्ग मानले जात : फेलनी आणि मिस्डिमीनर. फेलनी म्हणजे मुळात ज्या गुन्ह्यात आरोपीची मालमत्ता जप्त होई आणि बहुधा फाशीही होई असा गुन्हा. मिस्डिमीनर म्हणजे त्याहून हलका. अशा रीतीने माहीमची खाडी ओलांडली की एकाच कृत्याचा वर्ग बदलत असे.

चौदाव्या नियमातील शिक्षांचे प्रमाण किती बेताल होते हे दहा वर्षांतच उघड झाले. 1833 च्या सनदी कायद्यानुसार नेमलेल्या विधी आयोगाने मेकॉलेच्या अध्यक्षतेखाली दंड संहितेचा मसुदा तयार केला. 14 ऑक्टोबर 1837 च्या पत्रासह तो गव्हर्नर जनरलकडे धाडताना आयोगाने तिन्ही इलाख्यांच्या कायद्यांची तुलना केली आहे. मुंबईच्या कायद्यास एकत्र संकलित असण्यापलीकडे काही श्रेष्ठत्व नाही, आणि गुन्ह्यांचे वर्गीकरण व शिक्षांचे प्रमाण यांविषयीची तत्त्वे त्यात बंगाल व मद्रासपेक्षाही कमी पाळली आहेत, असा त्यांचा स्पष्ट अभिप्राय होता. या पत्रावर सही करणाऱ्यांत जी. डब्ल्यू. अँडरसन हा मुंबईच्याच सनदी सेवेतील सदस्य होता, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

पत्रातील उदाहरणे मुळातून पाहण्याजोगी आहेत. बंगालमध्ये गंभीर स्वरूपाच्या बनावट दस्तऐवजास खोट्या साक्षीच्या दुप्पट कैद होती. मुंबईत नेमके उलट, खोट्या साक्षीला अत्यंत गंभीर बनावटीच्या दुप्पट. मद्रासमध्ये दोन्ही गुन्हे एकाच पायरीवर. कैदी पळाला तर मुंबईत त्याला इतर दोन इलाख्यांच्या दुप्पट कैद भोगावी लागे, पण खोटी नाणी पाडणारा निम्म्याहून थोड्या अधिक कैदेवर सुटे. सैनिकाकडून पलटणीचे सामान विकत घेणे हा कलकत्त्यात 50 रुपये आणि मद्रासमध्ये 40 रुपये दंडाचा गुन्हा होता. मुंबईत त्यासाठी चार वर्षे कैद होती. विनापरवाना स्टँप विकणाऱ्यास बंगालमध्ये माफक दंड, मद्रासमध्ये अल्प कैद. खरेदीदाराला दोन्हीकडे काहीच नाही. मुंबईत विकणारा आणि घेणारा दोघेही पाच वर्षे कैद आणि फटक्यांच्या शिक्षेस पात्र होते.

ही यादी वाचताना एक गोष्ट सहज ध्यानात येते. मुंबईचा कायदा जेथे अवाजवी कठोर झाला आहे तेथे पलटणीचे साहित्य, स्टँपचा महसूल, सरकारी तुरुंग यांचा संबंध आहे. जातीच्या जागी आता कंपनी सरकारची तिजोरी आणि शिस्त ही प्रतवारीची मापे झाली होती. आयोगाने या विसंगतीस तत्त्वाचा अभाव म्हटले. परंतु ती संहिता रचणाऱ्यांच्या मनात एक तत्त्व होते आणि ते फारसे लपलेलेही नव्हते, असे म्हणावे लागते.

दंड संहितेची नवी मांडणी

मेकॉलेचा मसुदा जवळजवळ दोन तपे पडून राहिला. 1857 च्या उठावानंतर बार्न्स पीकॉकने त्यावर संस्कार केले आणि 6 ऑक्टोबर 1860 रोजी भारतीय दंड संहिता संमत झाली. 1 जानेवारी 1862 पासून ती अमलात आली. या संहितेने फेलनी आणि मिस्डिमीनर हा इंग्रजी भेद स्वीकारलाच नाही. राज्य, सार्वजनिक शांतता, शरीर, मालमत्ता अशा विषयवार प्रकरणांत गुन्हे मांडले गेले आणि प्रत्येक कलमाखाली कमाल शिक्षा लिहिली गेली. गंभीर गुन्हा कोणता, हे सांगणारी व्याख्या संहितेत नव्हती. ते काम प्रक्रियेच्या कायद्याकडे गेले.

1861 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेला एक कोष्टक जोडलेले होते. गुन्ह्यासमोर त्याचे कलम, पोलिसांना वॉरंटाशिवाय अटक करता येते की नाही, जामीन मिळतो की नाही आणि खटला कोणत्या न्यायालयात चालेल, हे त्यात रकान्यांनी दाखविले होते. याच कोष्टकातून पुढे दखलपात्र व अदखलपात्र, जामीनपात्र व बिगरजामिनी हे शब्द रूढ झाले. 1898 च्या संहितेत सहा महिन्यांहून अधिक कैदेचा गुन्हा वॉरंट खटल्यात मोडे. 1973 च्या संहितेने ही रेषा दोन वर्षांवर नेली. सामान्य माणसाला कायद्याची कलमे ठाऊक नसतात, पण ठाण्यात आपली तक्रार ‘एन.सी.’ म्हणून नोंदवली गेली म्हणजे काय झाले, हे त्याला बरोबर समजते. कायद्याचे सर्वांत प्रभावी वर्गीकरण अशा रीतीने परिशिष्टात आहे.

संहितेतील सर्वांत नाजूक रेषा सदोष मनुष्यवध आणि खून यांमधील होती. कलम 299 व 300 यांची भाषा इतकी जवळची आहे की, 1883 मध्ये जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने हा संहितेचा सर्वांत दुबळा भाग ठरविला. मुंबई उच्च न्यायालयापुढे हा प्रश्न 1876 मध्ये गोविंदाच्या खटल्यात आला. अठरा वर्षांच्या या तरुणाने आपल्या पंधरा वर्षांच्या बायकोला लाथेने खाली पाडले, छातीवर गुडघा ठेवून तोंडावर दोन-तीन ठोसे मारले; मेंदूत रक्तस्राव होऊन ती मरण पावली. साताऱ्याच्या सत्र न्यायाधीशाने त्यास खून ठरविले. उच्च न्यायालयातील केम्बॉल आणि नानाभाई हरिदास या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाल्याने प्रकरण न्या. मेलव्हिल यांच्याकडे गेले. मेलव्हिल यांनी दोन्ही कलमे समोरासमोर मांडून त्यांतील शब्दांचा फरक उलगडला. मृत्यू संभवतो अशी इजा आणि निसर्गक्रमाने मृत्यू घडविण्यास पुरेशी इजा यांत संभाव्यतेच्या प्रमाणाचा भेद आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. गोविंदाला सात वर्षे काळे पाणी झाले. पुढील सुमारे दीडशे वर्षे भारतातील न्यायालये हा निवाडा आधाराला घेत आली आहेत. कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत गोविंदाचे नाव अजरामर झाले. ज्या मुलीच्या मृत्यूवरून हा भेद ठरला ती तेथे केवळ ‘पत्नी’ आहे.

जन्मावरून गुन्हेगार

कृत्यावर आधारलेल्या या मांडणीला त्याच सरकारने बाजूने एक वाट फोडली. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा प्रथम उत्तरेकडील प्रांतांसाठी होता. 1911 च्या कायद्याने त्याची कक्षा वाढली आणि मुंबई इलाख्यातील पारधी, कैकाडी, बेरड, मांग गारुडी अशा अनेक जमातींवर त्याची सावली पडली. सरकारने राजपत्रात जमातीचे नाव घोषित केले की त्या जमातीच्या माणसांची नोंदणी, बोटांचे ठसे, हजेरी हे सर्व त्यामागून येई. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती उभ्या राहिल्या. लोकांच्या तोंडी त्यांचे नाव ‘सेटलमेंट’ असेच राहिले. वर्गीकरणाच्या दृष्टीने या कायद्याचे कलम 23 अधिक बोलके आहे. परिशिष्टात दिलेल्या गुन्ह्यांपैकी एखाद्या गुन्ह्यात घोषित जमातीचा माणूस दुसऱ्यांदा दोषी ठरला, तर किमान सात वर्षे कैद आणि तिसऱ्यांदा जन्मठेप काळे पाणी, अशी तरतूद त्यात होती. तेच कृत्य दुसऱ्या जातीच्या माणसाने केले तर ही किमान मर्यादा त्याला लागू नव्हती. एल्फिन्स्टनने 1819 मध्ये पेशवाईचा जो दोष दाखविला होता, तोच आता छापील कायद्याच्या स्वरूपात परत आला होता, आणि या वेळी त्याच्यामागे ठशांचे दप्तरही होते.

31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. भटके-विमुक्त समाज तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. मुंबई राज्याने 1959 मध्ये सराईत गुन्हेगारांसंबंधीचा स्वतंत्र कायदा केला. त्यात जमातीऐवजी व्यक्तीची पूर्वीची शिक्षा हा निकष होता. तत्त्वतः फरक मोठा आहे. मात्र जुन्या नोंदी ज्यांच्या नावावर होत्या, संशय प्रथम त्यांच्याच वस्तीकडे वळत राहिला.

राज्याचा स्वतःचा कायदा

महाराष्ट्राने 1999 मध्ये संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा म्हणजे मोक्का केला. खंडणी, सुपारी आणि टोळीयुद्धे यांची पार्श्वभूमी सर्वश्रुत असल्याने तिचा विस्तार येथे करण्याचे कारण नाही. या कायद्याने गुन्ह्याची गंभीरता ठरविण्याचे एक वेगळे माप आणले. तीन वर्षे वा अधिक शिक्षेचा दखलपात्र गुन्हा, मागील दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे, आणि टोळीशी संबंध असे घटक जुळले की सामान्य खंडणीचा गुन्हा किमान पाच वर्षे कैद आणि किमान पाच लाख रुपये दंडाच्या वर्गात जातो. आरोपपत्र म्हणजे दोषसिद्धी नव्हे, तरी वर्ग मात्र आरोपपत्रांच्या संख्येवर ठरतो. पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाबही येथे पुराव्यात घेता येतो; सर्वसाधारण कायद्यात तो घेता येत नाही.

1 जुलै 2024 पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या कलम 111 मध्ये संघटित गुन्हेगारीची जी व्याख्या आहे, तीत तीन वर्षांची शिक्षा, दहा वर्षांचा काळ आणि एकाहून अधिक आरोपपत्रे हे तिन्ही घटक मोक्क्याप्रमाणेच आले आहेत. कबुलीजबाबाची तरतूद मात्र त्यात नाही. मोक्का रद्द झालेला नसल्याने महाराष्ट्रात एकाच टोळीचे एकच कृत्य आता दोन कायद्यांत बसते, आणि त्यांपैकी कोणता कायदा लावायचा याची सुरुवात तपास यंत्रणेच्या निवडीपासून होते.