पान सरकते, ओवी सरकत नाही

संदर्भ पानाला बांधायचा की मजकुराला, हा प्रश्न पडद्यावर वाचणाऱ्यांमुळे पुन्हा ऐरणीवर आला आहे. पोथ्यांच्या काळात मात्र तो सुटलेला होता. हाताने उतरवलेल्या दोन पोथ्यांची पाने जुळत नसत. लेखकाचे अक्षर जरा मोठे झाले की मजकूर पुढच्या पत्रावर जाई. पत्राच्या दोन्ही बाजूंना मिळून एकच आकडा असे, तोही पोथी विस्कटली तर लावून घेण्यापुरता. हवाला द्यायचा तो अध्यायाचा आणि ओवीचा. पसायदान प्रचलित ज्ञानेश्वरीत अठराव्या अध्यायाच्या १७९४व्या ओवीपासून आहे, एवढे सांगितले की वाचक कुठल्याही आकाराच्या प्रतीत नेमका तिथे पोचतो. छापखाना आल्यावर एका आवृत्तीच्या साऱ्या प्रती सारख्या निघू लागल्या आणि आपण पानावर विसंबलो. पण पान कुठे तुटते ते जुळारी ठरवतो. नवी आवृत्ती वेगळ्या आकारात निघाली की जुनी तळटीप लंगडी पडते.

ओव्यांचे आकडे तरी कुठे स्थिर आहेत, असे कोणी विचारील. तो आक्षेप रास्त आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेल्या परंपरेतली ओवीसंख्या आणि राजवाड्यांनी १९०९ साली छापलेल्या प्रतीतली ओवीसंख्या एक नाही. तुकोबांच्या गाथेत तर अभंगांचे क्रमांकच प्रतीगणिक बदलतात. म्हणून आकड्याबरोबर प्रतीचे नाव आणि आरंभीचे दोन-तीन शब्द द्यायलाच हवेत. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने तर संहितेतून वगळलेल्या ओळीही तळाशी तारांकित क्रमांक देऊन जपल्या. जे प्रक्षिप्त ठरले त्यावरही बोट ठेवता येते, ही संपादनातली मोठीच सचोटी आहे.

गद्याला ओव्या नसतात, हा आक्षेप अधिक वजनदार वाटतो. पण त्याचेही उत्तर आपल्याकडेच आहे. राजवाड्यांनी १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापताना पत्रापत्राला लेखांक दिला, आणि इतिहासाचे अभ्यासक आजही खंड आणि लेखांक सांगूनच वाद घालतात. जालावरच्या निबंधात परिच्छेदाला तसाच क्रमांक देणे अवघड नाही. जुन्या ग्रंथाच्या पीडीएफमध्ये मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, प्रस्तावना धरून मोजणी होत असल्याने छापील २८वे पान पडद्यावर चाळिसावे निघू शकते. तिथे निदान दोन्ही आकडे द्यावेत, आणि प्रकरणाचे नावही.