सेफ्टी इंडक्शन: गेटवर मोबाईल का जमा करतात?

केमिकल प्लांटमध्ये कामाचा पहिला दिवस असो की एका दिवसाची व्हिजिट, आत सोडण्याआधी सेफ्टी इंडक्शन होतं. छोटा व्हिडिओ, चार-पाच प्रश्न, हेल्मेट, पास. आणि मोबाईल जमा!

फोटो काढू नयेत म्हणून फोन घेतात, असं मलाही वाटायचं. तेही कारण आहेच, पण मोठं कारण वेगळं. हवेत ज्वलनशील वाफ असेल तर ती पेटायला बारीकशी ठिणगी पुरते. फोन पडून बॅटरी शॉर्ट झाली तरी पुरे. अशा जागेसाठी खास सर्टिफाइड फोन मिळतात. त्यांच्या सर्किटमध्ये वाफ पेटवण्याइतकी ऊर्जाच येऊ देत नाहीत.

व्हिडिओत विंडसॉक दाखवतील, तेव्हा डुलक्या काढू नका. खांबावरची ही कापडी नळी वारा कुठे वाहतोय ते दाखवते. गळती झाली की गॅस वाऱ्यासोबत सरकतो. म्हणून वाऱ्याला आडवं निघायचं आणि गॅसच्या वाटेत नसलेला असेंब्ली पॉइंट गाठायचा.

भोपाळची गळती १९८४ ची. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात कलम १११-अ घालून कामगाराला सुरक्षेची माहिती आणि ट्रेनिंग मिळवण्याचा हक्क दिला गेला. शेवटी ‘मला सगळं समजलं’ या ओळीखाली सही घेतात. व्हिडिओ इंग्रजीत होता आणि कळला नाही? मग सहीआधी सरळ सांगा, ‘मराठीत समजावून सांगा.’