मुतखडा : कळ थांबली म्हणजे खडा गेला, असं नाही!

रात्री अचानक कुशीत कळ उठते. पाठीतून पुढे जांघेकडे उतरते. बसलं तरी चैन नाही, झोपलं तरी नाही. मळमळ, उलटी, लघवीला थेंब थेंब. गावातल्या दवाखान्यात इंजेक्शन मिळतं, तासाभरात बरं वाटतं आणि सकाळी माणूस पुन्हा रानात कामाला लागतो. इथंच खरी चूक होते. कळ थांबते, पण खडा तिथंच अडकलेला असू शकतो. असा खडा न दुखता किडनी हळूहळू निकामी करू शकतो.

मुतखड्याच्या तपासणीवर आणि उपचारांवर गेल्या काही वर्षांत मोठमोठ्या चाचण्या झाल्या आहेत. त्यांतून काय कळलं आणि आपल्या कामाचं काय, ते इथे एकत्र देत आहोत.

कळ का येते?

खडा किडनीत तयार होतो. किडनीत पडून असेपर्यंत तो बहुतेक वेळा फार दुखत नाही. तो मूत्रवाहिनीत, म्हणजे किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीत उतरला की कळ सुरू होते. ही नळी साधारण २५ सेंटिमीटर लांब आणि अगदी बारीक असते. खडा अडकला की लघवी मागे तुंबते, किडनीवर ताण येतो आणि माणूस गडाबडा लोळतो. काही दिवसांनी किडनीला त्या ताणाची सवय होते आणि दुखणं कमी होतं. अडथळा मात्र तसाच राहतो.

सोनोग्राफी की सीटी स्कॅन?

अमेरिकेतल्या १५ रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत २,७५९ रुग्णांवर झालेली चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. कुणाची आधी सोनोग्राफी करायची आणि कुणाचा आधी सीटी, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. सोनोग्राफीने सुरुवात केलेल्यांपैकी काहींना पुढे सीटी करावाच लागला. पण गंभीर आजार नजरेतून सुटण्याचं प्रमाण सगळ्या गटांत अगदी थोडं आणि सारखंच होतं. शिवाय सोनोग्राफीवाल्यांच्या अंगात किरणोत्सर्ग कमी गेला.

म्हणजे आधी सोनोग्राफी करणं हा काही कमी दर्जाचा उपचार नाही. पण तिची एक मर्यादा आहे. किडनीतला खडा आणि किडनीला आलेली सूज सोनोग्राफीत चांगली दिसते, मात्र नळीच्या मधल्या भागातला खडा आतड्यातल्या हवेमुळे लपू शकतो. त्यामुळे सूज दिसते पण खडा दिसत नाही, किंवा ऑपरेशन ठरवायचं आहे, अशा वेळी डॉक्टर सीटी सांगतात. साध्या एक्स-रेत युरिक ॲसिडचे खडे दिसत नाहीत. गरोदर बाईची तपासणी सोनोग्राफीनेच सुरू करतात.

रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. खडा किती मिलिमीटरचा आहे? किडनीत आहे की नळीत? किडनीला सूज आहे का (रिपोर्टमध्ये त्याला ‘हायड्रोनेफ्रोसिस’ म्हणतात)? रक्तातलं क्रिएटिनिन किती आहे? पुढचा निर्णय या चार उत्तरांवर ठरतो.

कळ थांबवायला काय चांगलं?

कतारमधल्या एका मोठ्या रुग्णालयात १,६४५ रुग्णांवर झालेली चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, शिरेतून पॅरासिटामॉल आणि शिरेतून मॉर्फिन यांची तुलना केली. अर्ध्या तासात दुखणं निम्म्यावर आलेल्यांचं प्रमाण डायक्लोफेनॅकमध्ये शंभरातले ६८, पॅरासिटामॉलमध्ये ६६ आणि मॉर्फिनमध्ये ६१ होतं. म्हणजे आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळणारं साधं इंजेक्शन या कळेवर चांगलं काम करतं.

पण ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे, पोटात अल्सर आहे, हृदयाचा त्रास आहे किंवा जी बाई गरोदर आहे, त्यांनी हे आधी डॉक्टरांना सांगावं. मेडिकलमधून गोळ्या आणून आठवडेच्या आठवडे खाऊ नका. त्यानेही किडनीला इजा होते.

आणखी एक गोष्ट. कळ चालू असताना तांब्यामागून तांब्या पाणी प्यायल्याने खडा ढकलला जात नाही. उलटी वाढते. तेव्हा तहानेपुरतंच प्या.

खडा पाडायच्या गोळीने खरंच खडा पडतो का?

५ मिलिमीटरपर्यंतचे बरेचसे खडे आपोआप पडतात. ५ ते १० मिलिमीटरमधले साधारण निम्मेच पडतात. ते लवकर पडावेत म्हणून टॅमसुलोसिन नावाची गोळी देतात. ही मुळात प्रोस्टेटची गोळी आहे, ती नळी सैल करते.

ब्रिटनमधल्या २४ रुग्णालयांत १,१०० हून जास्त रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१५ मध्ये आला. टॅमसुलोसिन घेतलेल्यांमध्ये शंभरातल्या ८१ जणांना पुढचा कुठलाही उपचार लागला नाही. नुसती खोटी गोळी घेतलेल्यांमध्येही ८० जणांना लागला नाही. म्हणजे फरक पडलाच नाही. पुढे चीनमध्ये ३,२९६ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. नळीच्या खालच्या टोकाला ४ ते ७ मिलिमीटरचा खडा असलेले रुग्ण तीत होते. तिथे गोळीवाल्यांत ८६ टक्के आणि खोट्या गोळीवाल्यांत ७९ टक्के खडे पडले. फायदा दिसला तो ५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या खड्यांना.

अर्थ सरळ आहे. बारीक खड्याला या गोळीची फारशी गरज नाही. खडा थोडा मोठा आणि खालच्या टोकाला असेल तर डॉक्टर ती देऊन बघू शकतात. या गोळीने उठताना चक्कर येऊ शकते, हे लक्षात ठेवा.

हुलग्याचं कढण किंवा पानफुटीची पानं घरोघर घेतली जातात. त्यात वेळ जातो, तेवढ्यात नळी तुंबलेली राहते, हा खरा धोका आहे. काहीही घेत असाल तरी चार आठवड्यांच्या आत पुन्हा सोनोग्राफी कराच. खडा पडलेला डोळ्यांनी दिसला नसेल, तर दुखत नसलं तरीही करा. लघवी स्वच्छ कापडातून गाळा. खडा सापडला तर टाकू नका, तपासायला न्या.

ऑपरेशन कोणतं?

बाहेरून शॉक देऊन खडा फोडण्याचं तंत्र जर्मनीतल्या म्युनिक शहरात १९८० मध्ये पहिल्यांदा माणसावर वापरलं गेलं. त्यात चिरफाड नाही. दुसरा मार्ग म्हणजे लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून लेझरने खडा फोडणं. नळीतल्या खड्यांसाठी ब्रिटनमध्ये या दोन्हींची तुलना झाली, तिचा निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. शॉक घेतलेल्या शंभरातल्या २२ जणांना नंतर आणखी उपचार लागला, दुर्बिणीवाल्यांत १० जणांना. म्हणजे दुर्बीण एका फेरीत जास्त खात्रीची. पण शॉकवाल्यांतही बहुतेकांचं काम दुर्बिणीशिवाय भागलं. किडनीत २० मिलिमीटरपेक्षा मोठा खडा असेल तर पाठीतून छोटं छिद्र पाडून दुर्बिणीने काढतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्याच्या शस्त्रक्रियाही आहेत. पैसे भरण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा किंवा १५५३८८ वर विचारा.

स्टेंट विसरू नका

ऑपरेशननंतर बऱ्याचदा आत एक बारीक नळी ठेवतात. तिला डीजे स्टेंट म्हणतात. ती कायमची नसते, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला काढावीच लागते. साधारणपणे काही आठवड्यांत, आणि बहुतेक स्टेंट तीन महिन्यांच्या पुढे ठेवायचे नसतात. राहून गेली तर तिच्यावरच खडे चढतात, जंतुसंसर्ग होतो आणि किडनी जाऊ शकते. ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा परगावी कामाला जाणाऱ्यांनी निघण्याआधी ‘माझ्या आत स्टेंट आहे का, कधी काढायचा?’ हे विचारावं. तारीख मोबाइलमध्ये टाका आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठेवा.

पुन्हा होऊ नये म्हणून

इटलीत पहिल्यांदाच मुतखडा झालेल्या १९९ जणांना पाच वर्षं पाहिलं. दिवसाला दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी पिणाऱ्यांत १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, नेहमीसारखं पिणाऱ्यांत २७ टक्क्यांना. उन्हात राबणाऱ्याला तेवढी लघवी व्हायला तीन लिटरपेक्षाही जास्त पाणी लागतं. साधी खूण म्हणजे लघवी फिकट हवी. बोअरचं पाणी जड आहे म्हणून पिणं कमी करू नका. कमी पिणं हे जास्त वाईट.

दूध-दही बंद करायची गरज नाही. इटलीतच १२० पुरुषांवर झालेल्या २००२ सालच्या चाचणीत मीठ आणि मांस कमी करून कॅल्शियम नेहमीएवढं ठेवणाऱ्यांना, कॅल्शियम तोडणाऱ्यांपेक्षा कमी खडे झाले. कारण जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. मीठ, लोणचं, पापड, खारं कमी करा. पालक रोज नको. आणि बिअर हे मुतखड्याचं औषध नाही.

ताबडतोब तालुक्याला किंवा जिल्ह्याला कधी जायचं?

• कळेबरोबर थंडी वाजून ताप आला तर. तुंबलेल्या लघवीत पू झाला की काही तासांत जिवावर बेततं. तेव्हा खडा नंतर काढतात, आधी नळी टाकून लघवी मोकळी करतात.
• लघवी पूर्ण बंद झाली तर.
• एकच किडनी असेल तर.
• गरोदरपणात कळ आली तर.
• उलट्यांमुळे पाणीही टिकत नसेल तर.
• साठीनंतर पहिल्यांदाच अशी कळ आली तर, कारण ती पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगल्याचीही असू शकते.

अशा वेळी सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.