चढावर गाडी कोण धरतं? दगडापासून हिल होल्डपर्यंत

मी रायपूरहून बोलतोय. आजचा विषय आहे चढावर उभी असलेली गाडी मागे न सरकू देण्याचा. रायपूरच्या माणसाला चढाचं काय कौतुक, असं कुणी विचारलं तर ते चूक नाही. आमचं शहर महानदीच्या खोऱ्यातल्या सपाट मैदानावर वसलेलं, भोवती धानाची शेतं. पण सपाटीवर गाडी शिकलेल्या माणसालाच चढ जास्त छळतो. टाटीबंधच्या उड्डाणपुलावर वाहनं तुंबली आणि मागे कुणी स्कूटर अगदी खेटून उभी केली, की भल्याभल्यांचे पाय लटपटतात. जगदलपूरच्या रस्त्याला लागून कांकेर मागे टाकलं की केशकालचा घाट येतो. त्याच्या वळणांना आमच्याकडे ‘बारा भंवर’ म्हणतात. तिथे वर जाणारा लादलेला ट्रक थांबला, की मागच्या सगळ्या रांगेची परीक्षा सुरू होते.

आधी हिशोब समजून घेऊ. दर दहा मीटरला एक मीटर चढणारा रस्ता धरा आणि एक टनाची गाडी धरा. ती गाडी साधारण १०० किलोच्या जोराने मागे ओढली जाते. ब्रेकवरचा पाय उचलून ॲक्सिलरेटरवर ठेवायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात गाडी जवळपास अर्धा मीटर मागे येते. दोन सेकंद लागले तर अर्ध्याचा एक मीटर होत नाही, जवळपास दोन मीटर होतात, कारण वेग वाढत जातो. मागच्या स्कूटरवाल्याने सोडलेली जागा बहुतेक वेळा याहून कमी असते. आपला सगळा इतिहास या दोन सेकंदांचा आहे.

सुरुवात आपल्या सह्याद्रीपासून करू. बोरघाटात चाकाची वाहनं नीट जाऊ शकतील असा रस्ता १८३० मध्ये झाला, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात. त्याआधी घाट म्हणजे मुख्यतः लमाणांच्या बैलांचं आणि हमालांच्या पाठीचं काम होतं. पाठीवर ओझं घेतलेला बैल थांबला तर जागीच उभा राहतो. गाडी मात्र थांबली की मागे येते. म्हणजे घाटात चाक आलं, त्याच दिवशी गाडी धरून ठेवायचा प्रश्नही आला. त्याचं उत्तर साधं होतं. सोबतच्या माणसाने उडी मारायची आणि चाकामागे दगड सरकवायचा. हे उत्तर अजून जिवंत आहे. केशकालमध्ये बंद पडलेल्या ट्रकचा क्लीनर आजही आधी हेच करतो.

मग रेल्वे आली. १८६३ मध्ये बोरघाटातून गाड्या धावू लागल्या. चढ इतका, की ३७ फुटांना एक फूट. मोटारीला हे किरकोळ वाटेल, पण लोखंडी रुळावरच्या लोखंडी चाकाला तो फार मोठा चढ आहे. म्हणून कर्जतहून लोणावळ्याकडे आणि कसाऱ्याहून इगतपुरीकडे जाताना गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं लावतात. उताराच्या बाजूने येणाऱ्या गाड्यांसाठी आणखी एक सोय केली होती. मुख्य मार्गातून फुटून वर चढत जाणारा एक रूळ ठेवला होता. सांधा नेहमी त्या रुळाकडेच लावलेला असे. गाडी ताब्यात आहे, अशी खात्री पटली की मगच मुख्य मार्ग खुला करायचा. हा विचार लक्षात ठेवा: आधी थांबवून ठेवायचं आणि ताबा सिद्ध झाल्यावरच सोडायचं.

मोटारीत हा ताबा बराच काळ माणसाच्या हातापायांवर होता. आपल्या ॲम्बॅसडर आणि पद्मिनीत गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ असे. १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली, तिच्यात गिअर आणि हँडब्रेक दोन्ही दोन सीटच्या मध्ये होते. पण चढावरची रीत सगळ्यांत एकच. हँडब्रेक ओढा, क्लच हळूहळू सोडा, इंजिनाचा आवाज जड झाला आणि गाडीने किंचित अंग उचललं की हँडब्रेक सोडा. ज्यांना हे जमत नाही, ते हाफ क्लचवर गाडी तोलून धरतात. गाडी मागे जात नाही, पण क्लच प्लेट जळते.

यावर यंत्राचा उपाय अमेरिकेत १९३६ मध्येच निघाला होता. स्टुडबेकर कंपनीने आपल्या प्रेसिडेंट मोटारीत ‘हिल होल्डर’ दिला. ब्रेकच्या तेलाच्या वाटेत एक छोटी कोठी, तिच्यात पोलादी गोळी. गाडीचं तोंड चढाकडे असलं की गोळी आपोआप मागे घरंगळून वाट अडवी. क्लच दाबलेला असेपर्यंत ती तिथेच राही, त्यामुळे ब्रेकवरून पाय काढला तरी तेलाचा दाब चाकांपाशी अडकून राहायचा. क्लच सोडायला लागलं की गोळी बाजूला ढकलली जाई आणि ब्रेक सुटे. वीज नाही, सेन्सर नाही. पुढे अमेरिकेत ऑटोमॅटिक गिअर सर्रास झाले आणि या गोळीची गरज कमी झाली. तरी सुबारूसारख्या कंपनीने हीच कल्पना १९८० च्या दशकातही वापरली.

आजचा हिल होल्ड वेगळ्या वाटेने आला. १९७८ मध्ये बॉशचा एबीएस मर्सिडीजमध्ये आला, १९९५ मध्ये ईएसपी आला. घसरणारी गाडी सावरण्यासाठी प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा दाबता येईल असा पंप आणि झडपा गाडीत बसल्या. मग त्याच झडपांनी चढावर दाब कोंडून ठेवणं सोपं झालं. सेन्सर उतार ओळखतो, तुम्ही ब्रेक सोडता, यंत्र साधारण दोन सेकंद दाब धरून ठेवतं आणि इंजिनाने ओढ घेतली की सोडतं. ऑटो होल्ड याहून निराळा. तो सपाटीवरही, तुम्ही निघेपर्यंत गाडी धरून ठेवतो आणि सहसा इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकच्या जोडीने येतो. भारत एनसीएपीमध्ये तीन किंवा अधिक तारे मिळवायला ईएसपीसारखी यंत्रणा आवश्यक आहे. त्यामुळे ही सोय हळूहळू स्वस्त गाड्यांतही उतरते आहे, आणि ते चांगलंच आहे.

पण कायदा काय म्हणतो, तेही ऐका. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे लायसन्सच्या चाचणीत तीव्र चढावर गाडी थांबवून, जराही मागे न येऊ देता पुन्हा चालू करून दाखवावी लागते. अरुंद घाटात वर येणाऱ्याला आधी वाट द्यायची, हाही नियमच आहे. चढावर थांबलेल्याचं दुखणं नियम करणाऱ्यांना ठाऊक होतं.

म्हणून माझं सांगणं असं. गाडीत हिल होल्ड असेल तर खुशाल वापरा. पण तो पार्किंग ब्रेक नाही. दोन सेकंद संपल्यावर तो तुम्हाला न विचारता सोडतो, आणि चढ सौम्य असेल तर कदाचित धरतही नाही. घरातल्या मुलामुलींना गाडी शिकवताना आधी हँडब्रेकवर चढ चढायला शिकवा. मोकळा रस्ता बघा, मागे कुणी नाही याची खात्री करा आणि दहा वेळा करून घ्या. उद्या त्यांच्या हाती मामाची जुनी गाडी येईल, त्यात ही सोय नसेल, आणि मागे स्कूटरवर कुणाचं तरी लेकरू पुढे उभं असेल. तेव्हा ते दोन सेकंद त्यांनाच सांभाळायचे आहेत.

पुढच्या भागात भेटू. तोवर केशकालला गेलात, तर वर येणाऱ्याला वाट द्या.