मौखिक साक्ष आणि भूमिहक्क : डेल्गामुक्व खटला

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील गित्क्सान व वेत्सुवेतेन या आदिवासी समाजांनी सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर भूमीवर हक्क सांगणारा दावा १९८४ मध्ये दाखल केला. लेखी दस्तऐवजांअभावी ज्येष्ठांनी 'अदाव्क' या नावाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेला घराण्यांचा इतिहास न्यायालयात कथन केला. मेरी जॉन्सन या वृद्धा परंपरागत गीत गाऊ लागल्या, तेव्हा न्या. मॅकएकर्न यांनी आपल्याला गाण्याचा कान नसल्याचे सांगून नाराजी दर्शविली. वस्तुतः ते गीत म्हणजे त्या घराण्याचा सातबाराच होता! ३७४ दिवसांच्या सुनावणीनंतर १९९१ मध्ये दावा फेटाळला गेला.

११ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मौखिक इतिहासास ऐतिहासिक कागदपत्रांच्या बरोबरीचे स्थान द्यावे, असे बजावून फेरसुनावणीचा आदेश दिला. ती मात्र कधीच झाली नाही. भूमिहक्काची पहिली न्यायालयीन घोषणा चिल्कोटिन समाजाच्या वाट्याला २०१४ मध्ये आली.

भारतात वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांनी दावेदाराव्यतिरिक्त अन्य वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरला आहे.